मॅचिंगचे डबे

गाडी एकच होती, पण तिच्यातले डबे एकमेकांशी बोलत नसत. इंजिन काळंभोर, रुबाबदार, थेट जर्मनीहून आलेलं. त्याच्यामागचा पहिला डबा गडद लाल आणि खिडक्यांच्या रेषेत सायीच्या रंगाचा पट्टा. इथपर्यंत थाट होता. त्यानंतर मात्र एक हिरवा डबा, एक निळा आणि शेवटी मालगाडीची, कोळशाची उघडी वाघीण. वरातीत नवरदेवामागे बँडवाले, बँडवाल्यांमागे म्हशी चालाव्यात, तसं ते दृश्य होतं.

ही गाडी नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांची. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. गाडीला कुणी ‘खेळणं’ म्हटलं तर डॉक्टर त्या माणसाकडे अक्कलदाढ काढायच्या नजरेने बघत. ‘मॉडेल’ म्हणायचं. घराच्या मागच्या खोलीत भलंमोठं टेबल, त्यावर रूळ, आणि रविवारी सकाळी टेबलाभोवती आम्ही तिघं. तिसरा सभासद विंचूरचा एक कांद्याचा व्यापारी. त्याच्याकडे दोन इंजिनं होती आणि रूळ एक इंचही नव्हता. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकमंडळींचे पडदे रंगवायचो. माझ्या मालकीचा एक सिग्नल आणि हात तुटलेला एक स्टेशनमास्तर होता. अशा भांडवलावर मी सभासद झालो.

चहा व्हायचा, गाडी चार फेऱ्या मारायची आणि मग आम्ही उसासे टाकायचो. लाल डब्याला जोडीचे आणखी तीन डबे मिळाले तर! आपल्याकडे असलं काही विकत मिळायचं नाही. परदेशातून कुणी आलं, तर दाढीची ब्लेडं आणि अत्तराच्या बाटल्यांमधून एखादा डबा यायचा, तोही आणणाऱ्याच्या आवडीच्या रंगाचा.

“अहो, मग या तिघांना लाल रंग द्या की,” डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. “मास्तर आहेतच घरचे.”

देवघरात कुणी चपला घालून शिरावं तसं आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. मूळ रंगाला ब्रश लावायचा नाही, हा या छंदातला पहिला आणि शेवटचा धर्म.

उसासे टाकायला आम्हाला कारण लागत नसे, पण डॉक्टरांचं दुखणं वेगळं होतं. त्या दुखण्याचं नाव सासरे. वहिनींचे वडील, ज्यांना सगळेच अण्णा म्हणत, रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त होऊन भुसावळला राहायचे. दर गणपतीला लेकीकडे यायचे. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी मोठ्या हौसेने त्यांना मागच्या खोलीकडे नेलं, इंजिन सुरू केलं. अण्णांनी उंबऱ्यावरूनच एक फेरी बघितली आणि म्हणाले, “डॉक्टर, ही गाडी नाही. हा अपघात आहे. डबे एका जातीचे होऊ देत, मग बोलवा मला.”

तेव्हापासून अण्णा आले, मोदक खाल्ले, गेले. त्या खोलीत पाऊल म्हणून टाकलं नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाच्या दवाखान्याला, घराला, स्कूटरला, कशालाच बरं म्हटलं नव्हतं. त्याचं डॉक्टरांना फार काही वाटत नसे. पण गाडी! रुळांवरचा माणूस आपल्या घरी येतो आणि आपली गाडी बघत नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. अण्णांनी एकदा, फक्त एकदा, स्टुलावर बसून ती बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या वर्षी योग आला. डॉक्टरांचा मावसभाऊ जर्मनीत नोकरीला लागला. त्याला तीन डबे धाडायला सांगायचं ठरलं. पण लाल म्हणजे कुठला लाल, हे त्याला कसं कळवायचं? डॉक्टर म्हणाले विटेसारखा, मी म्हणालो पिकल्या डाळिंबासारखा, विंचूरकर म्हणाले, “आमच्या उन्हाळ कांद्यावानी हाय.”

“तुम्ही तिघं गप्प बसा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी लाल डबा रुमालात गुंडाळला आणि थेट मेन रोडवरचं मॅचिंग ब्लाउजपीसचं दुकान गाठलं. डबा सुखरूप परत येतोय ना, हे बघायला डॉक्टरांनी मला सोबत पिटाळलं.

दुकानदार म्हणाला, “साडी काढा, ताई.”

“ही काय,” म्हणत वहिनींनी डबा काउंटरवर ठेवला.

त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. डबा उचलून तो दारातल्या उजेडात गेला, खिडक्यांवरून अंगठा फिरवला, आत येऊन पाच-सहा तागे उलगडले. “हा घ्या. डिट्टो. काठ क्रीम आहे, त्याचंही देऊ?”

“द्या.”

“आणि अस्तर?”

लाल आणि क्रीम अशा दोन चिंध्या विमानाने जर्मनीला गेल्या. सोबत डॉक्टरांनी सगळं कळवलं: खिडक्या अशा, छप्पर करडं, पट्टा खिडकीच्या वरपर्यंत. आम्ही वाट बघू लागलो. विंचूरकरांनी वणीच्या देवीला नारळ बोलला. मी तर माझ्या स्टेशनमास्तरला मेणाचा नवा हात बसवला.

गणपतीच्या तोंडावर डबे मुंबईला पोहोचले आणि तिथून विंचूरकरांच्या जीपने, कांद्याच्या गोण्यांवर बसून, नाशिकला आले. डॉक्टरांनी हात धुतले. ऑपरेशनला धुवावेत तसे. खोका उघडला.

काय सांगू तुम्हाला! लाल तो लाल. वहिनींनी उरलेली चिंधी डब्याला लावली, तर चिंधी कुठे संपते आणि डबा कुठे सुरू होतो ते कळेना. पट्टा तोच. खिडक्या त्याच. डॉक्टरांनी श्वास रोखून पहिला डबा रुळावर ठेवला.

डबा रुळांच्या मधोमध पडला.

पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. मग त्यांनी तो जुन्या लाल डब्याशेजारी धरला. जेमतेम निम्मा होता. अशा गाड्या दोन-तीन मापांत निघतात, हे आम्हा तिघांना पाठ होतं. इतकं पाठ, की ते कळवायचं असतं हे कुणाला सुचलंच नाही.

“डागदर,” विंचूरकर हळूच म्हणाले, “ही तर पिल्लं हायेत.”

त्यांनी एक डबा तळहातावर घेतला.

“खायला घाला. वाढतील.”

“रंग कळवलात, काठ कळवलात,” वहिनी म्हणाल्या, “आणि माप नाही कळवलंत? अहो, ब्लाउज शिवायला टाकताना शेंबडं पोरसुद्धा माप देतं!”

डॉक्टर खुर्चीत बसले. हरतालिकेला अण्णा येणार होते. जावयाने त्यांना आधीच कळवून ठेवलं होतं: यंदा गाडी पूर्ण आहे, यंदा बघावीच लागेल.

आता माझा प्रवेश. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: रंगमंचावर लहान म्हणजे लांब. मी म्हणालो, “डॉक्टर, गाडी यंदा दिवाणखान्यात, गणपतीच्या आराशीत. पुढे मोठं इंजिन आणि मोठा लाल डबा. बोगद्यात शिरले की आत थांबवायचे. आणि मागे, पार डोंगरावर, पुलावरून हे तीन डबे जाताना दिसतील. कसारा घाट! गाडी लांब गेली, म्हणून लहान दिसते.”

“ही फसवणूक आहे,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही लोकांना चिनी मातीचे दात बसवता, ते काय आहे?”

आम्ही कामाला लागलो. गोणपाटाचे डोंगर झाले, त्यांच्यामागे माझा रंगवलेला पडदा लागला, पुठ्ठ्याचा पूल झाला, पुलावर चाकांपुरत्या खाचा झाल्या. छोट्या डब्यांना इंजिन नव्हतं, ते मी काळ्या पुठ्ठ्याचं कापलं. ओढायला दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक वहिनींच्या हाताच्या शिलाई मशीनच्या बॉबिनला. पडद्यामागे बसून विंचूरकरांनी मशीनचा दांडा फिरवायचा, की गाडी चालली.

“आमच्या हाताला तराजूची सवय, वयनी.”

“हळू फिरवा हो! गाडी घाटात आहे, कांद्याच्या मोंढ्यात नाही.”

चतुर्थीच्या संध्याकाळी, आरतीच्या आधी, अण्णा दिवाणखान्यात स्थानापन्न झाले. पांढरं धोतर, ताठ पाठ, मांडीवर दोन्ही हात. मी आणि विंचूरकर पडद्यामागे. प्रत्येक पडद्याला बघण्यापुरतं एक भोक असतंच, माझ्याही पडद्याला होतं. डॉक्टरांनी बटण दाबलं. मोठं इंजिन गणपतीसमोरून वळसा घेऊन आपल्या लाल डब्यासह बोगद्यात शिरलं आणि थांबलं. मी विंचूरकरांच्या पाठीवर थाप मारली. दांडा फिरला. डोंगराआडून पुठ्ठ्याचं इंजिन निघालं आणि त्याच्यामागे एका रंगाचे, एका जातीचे तीन डबे पुलावरून संथ डुलत पलीकडे गेले.

जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत.

“शेवटचा डबा कुठला?” त्यांनी विचारलं.

“तिसरा, अण्णा,” डॉक्टर म्हणाले.

“कशावरून? मागे तांबडा दिवा नाही, पाटी नाही. गाडी मधेच तुटून अर्धी बोगद्यात राहिली असेल तर?”

पडद्यामागे विंचूरकरांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. कारण अर्धी गाडी खरोखरच बोगद्यात होती.

“शेवटचा डबा ओळखू आल्याशिवाय लाइन मोकळी म्हणता येत नाही,” अण्णा म्हणाले. “आरती थांबवा.”

इतक्यात वहिनी उठल्या. पूजेच्या तबकातलं कुंकू त्यांनी बोटावर घेतलं, पडद्यामागे आल्या आणि तिसऱ्या डब्याच्या पाठीवर ठसठशीत टिकली लावली. मी पडद्याच्या कडेने डॉक्टरांकडे बघितलं. कोऱ्या, अस्सल, मूळ रंगाच्या डब्यावर कुंकू! त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“सोडा गाडी,” वहिनींनी हुकूम दिला.

पुन्हा मोठं इंजिन, पुन्हा बोगदा, पुन्हा पूल. गाडी पुलाच्या मध्यावर आली आणि अण्णा उभे राहिले. स्टेशनातून गाडी जाताना रेल्वेची माणसं उभी राहतात तसे, ताठ. उजवा हात त्यांनी हिरवा बावटा दाखवावा तसा बाजूला लांब केला आणि कुंकवाची टिकली डोंगराआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

“गेली. पूर्ण गेली,” ते म्हणाले. “घ्या आता आरती.”

आरती झाली, प्रसाद झाला, शेजारी पांगले. आम्ही दोघं पडद्यामागून घामाघूम बाहेर आलो. अण्णा खिरापतीचं खोबरं चावत आराशीकडे बघत होते.

“मास्तर, बोगदा छान आहे तुमचा,” ते म्हणाले. “गाडी एका डब्याची आत जाते, आत आटते आणि व्यालेली बाहेर येते.”

विंचूरकर धाडकन खाली बसून हसायला लागले. मीही हसलो. डॉक्टर तेवढे मान खाली घालून उभे. “अण्णा, माप कळवायचं राहिलं,” ते कसेबसे म्हणाले. “रंग मात्र अगदी...”

“रंगाला कोण नावं ठेवतंय? रंग बरोबर आहे.”

पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात डॉक्टरांची पहिली गोष्ट बरोबर निघाली होती. त्यांना ते लगेच कळलंसुद्धा नाही. अण्णा उठले, बोगद्यात हात घालून मोठा लाल डबा बाहेर काढला आणि तो घेऊन मागच्या खोलीकडे चालू लागले. उंबऱ्याशी थांबले नाहीत. आत जाऊन त्यांनी स्टूल ओढलं, टेबलाशी बसले आणि लेकीला हाक मारली.

“तुझी ती शिवणाची टेप आण गं. आणि डॉक्टर, कागद घ्या. तीन डबे, आणि मागे गार्डाचा एक. गार्डाचा डबा तुम्ही मागितलाच नव्हता ना? मला वाटलंच.”

आम्ही दारात पोहोचलो तेव्हा अण्णा चष्मा कपाळावर चढवून डब्याची लांबी घेत होते, आणि टेपचं दुसरं टोक दोन बोटांत घट्ट धरून डॉक्टर वाकून उभे होते. हलत नव्हते.