भरीव गिटार, पोकळ गिटार

भागवतला गिटार घ्यायची आहे म्हटल्यावर टेंभुर्णीत सल्ला देणाऱ्यांचं पेव फुटलं. लग्नाच्या बँडमध्ये तो इतके दिवस मालकाची गिटार वाजवायचा. आता स्वतःची हवी होती. जालन्याच्या दुकानात दोन मनात भरल्या. एक सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची. दुसरी सेमी-अकॉस्टिक, आतून बरीचशी पोकळ, अंगावर दोन फटी असलेली.

बँडचे मालक बद्रीनाथ म्हणाले, "भरीवच घे. मोठ्या स्पीकरपुढं पोकळ गिटार बोंबलती. वरातीत बोंबलली की तू घरी."

सल्ला बराबर होता. पण भरीव गिटार विजेशिवाय मुकी, पोकळ मात्र तशीही वाजते. भागवतची माय साळूबाई हिला गुडघ्यांनी जेरीस आणलेलं, ती वरातीत कुठली जाणार? तिनं ऐकायचं ते घरीच, आणि घरी लाइट कधी जाईल याचा नेम नाही. गडी हट्टी. पोकळ घेऊन आला.

कुंभार पिंपळगावच्या वरातीत व्हायचं तेच झालं. गिटारीनं अशी किंकाळी फोडली, की घोडा उलटा फिरला आणि नवरदेव करवलीच्या अंगावर पडता पडता वाचला. बद्रीनाथांनी भर रस्त्यात भागवतची बिनपाण्यानं हजामत केली. "पुढच्या लग्नाला भरीव आण, न्हाई तर येऊच नको!"

भागवतनं घरचा कापूस फटींतून आत कोंबला. शेजारच्या कचरूच्या स्पीकरपुढं वाजवून पाहिलं. बोंब बंद! पठ्ठ्या उड्या मारतच मायपुढं गेला, विजेशिवाय वाजवू लागला.

"काऊन रे, आवाज दबून राह्यला?" साळूबाई म्हणाली.

त्याचं तोंड एवढंसं झालं. कापूस ठेवावा तर मायला ऐकू येईना, काढावा तर बँड सुटतो. सगळं ऐकून साळूबाई खळखळून हसली. "येडा हाईस का? जल्दी सुई आण." तिनं जुन्या लुगड्याच्या कापडात तोच कापूस भरून दोन लांबट उशा शिवल्या, टोकाला नाडी लावली. हवं तेव्हा आत सारा, हवं तेव्हा ओढून काढा.

पुढच्या वरातीत गिटार गुणी पोरीसारखी वाजली. बद्रीनाथ फेटा सावरत, मागं वळूनही न बघता ओरडले, "बघ, भरीव ती भरीवच!" भागवत नुसता हसला.

सकाळी तो घरी आला तेव्हा लाइट नव्हती. साळूबाईनं स्वतःच नाड्या ओढून गिटारीतल्या उशा काढल्या. "वरातीचं झालं. आता मह्यासाठी वाजिव."

भागवतनं गिटार मांडीवर घेतली. तो वाजवू लागला. मध्येच लाइट आली, पंखा घरघरू लागला. घामानं डबडबलेल्या साळूबाईनं हात लांब करून तो बंद केला.