कोरडा दरवाजा

धरणावर त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे बोळेकाका म्हणत. धरणाच्या तळाचा लोखंडी दरवाजा गळायचा आणि त्या फटीत चिंध्यांचे बोळे कोंबणं हे काकांचं काम होतं. कडेचं रबर कधीच झिजून गेलेलं. नवं मागवलं की वरून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू. तोवर काका चिंध्या, सुतळी, ग्रीस, भुसा, हाताला लागेल ते कोंबत. पाणी थोडे दिवस गप्प बसायचं आणि मग सगळं थुंकून टाकायचं. येईल तो साहेब दरवाजाकडे बघून म्हणायचा, "काका, गळतंय की!" जणू काकांचंच नाक गळत होतं.

घरीही सुटका नव्हती. न्हाणीघरातला नळ ठिबकायचा. बायको म्हणायची, "अहो, अख्ख्या नदीला बोळे घालता, या एका नळाला घाला की!" काका ऐकून न ऐकल्यासारखं करत. दिवसभर गळती बघून आलेल्या माणसाला घरी आणखी एक बघणं जिवावर येतं. नोकरीने त्यांना दुसरं काही दिलं असेल नसेल, हा कंटाळा मात्र भरपूर दिला होता. आता इच्छा एकच राहिली होती: निवृत्तीआधी एकदा तो दरवाजा कोरडा बघायचा.

तशी वेळही आली. धरणाची मोठी दुरुस्ती मंजूर व्हायच्या बेतात होती. नवे दरवाजे, नवं रबर, वीजघरात नवी यंत्रं. त्याआधी फक्त एक तपासणी व्हायची होती. दुरुस्तीमुळे पाण्यातल्या जिवांचं काय होईल, ते बघायला एक बाई येणार होत्या. काकांनी त्यातलं एवढंच ऐकलं की तपासणी आहे. तपासणी म्हटली की बोलणी खाणं आलंच. म्हणून त्यांनी जीव तोडून बोळे कोंबले, वर डांबर थापलं आणि पाणी पार बंद केलं. इतकं चोख काम त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

बाई यायला आठवडा उशीर झाला आणि आल्या त्याही दमलेल्याच. गुडघ्याला पट्टा, खांद्यावर जाळं.

"यंदाचं हे कितवं धरण ते विचारू नका काका," त्या म्हणाल्या. "माझंच मला आठवत नाही."

धरणाचं पाणी बोगद्यातून पार खालच्या वीजघराकडे जायचं, त्यामुळे मधल्या पात्रात वरून बघणाऱ्याला नुसते धोंडे दिसत. बाईंना तिथेच उतरायचं होतं आणि नियमाप्रमाणे धरणावरचा एक माणूस सोबत हवा होता. काका गेले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी उतरले नव्हते. कोरड्या धोंड्यांत जाऊन करायचं काय?

खाली डबकी होती, आटत चाललेली. धोंड्यांवरचं हिरवं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटत होते. आणि सगळीकडे मासे पडले होते. बोटभर लांब, मिशांचे. बरेचसे मेलेले, काही अजून तोंड उघडत मिटत होते.

बाई एका धोंड्यावर टेकल्या. "यांना पाणी कुठून मिळत होतं काका? वरचा दरवाजा गळतो का?"

बोलणी खायच्या धास्तीने काकांच्या तोंडून उत्तर आपोआप निघालं. "छे हो! टिपूससुद्धा नाही."

"मग पावसात वरून वाहून येत असतील आणि पाणी आटलं की मरत असतील. दरवर्षीचंच." बाईंनी डोळे चोळले. "दुरुस्तीने यांचं आणखी काय वाईट होणार? उद्या सकाळी थोडे नमुने घेते आणि निघते."

काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो काही पडला नाही.

संध्याकाळी घरी त्यांनी ताट दूर सारलं. "अगं, तिथे मासे होते."

"कुठे?" बायकोने विचारलं.

"माझ्या गळतीत. मी बोळे चांगले घातले आणि ते मेले."

"मग काढा की बोळे."

"काढले तर खोटा पडेन. बाई सगळं परत तपासणार, काम लांबणार. मग मी असेपर्यंत काही नवा दरवाजा बसत नाही."

बायकोने ताट परत त्यांच्यापुढे ओढलं. "आधी जेवा," ती म्हणाली.

सकाळी काका दरवाजापाशी गेले आणि बोळे उपसायला लागले. कोंबायची सवय असलेल्या हातांना उपसणं जमेना. डांबर नखांत गेलं. शेवटी पाण्याने स्वतःच उरलेला बोळा त्यांच्या छातीवर फेकला. तसेच निथळत ते खाली बाईंसमोर जाऊन उभे राहिले. धोंड्यांमधून पाण्याची बारीक धार वाट काढत येत होती.

"बाई, काल मी खोटं बोललो. दरवाजा गळतो. मी नोकरीला लागलो तेव्हापासून गळतोय."

तपासणीला आलेल्या कुणापुढे त्यांनी हे आजवर आपणहून कबूल केलं नव्हतं. बाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. बाईंनी फक्त मोठा सुस्कारा सोडला. "मलाही कळायला हवं होतं. दमले होते, सोपं उत्तर मिळालं, घेऊन टाकलं." मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "आता सगळं पहिल्यापासून."

"म्हणजे नवा दरवाजा कोरडा नसणार?"

"दरवाजा कोरडाच असेल काका. माशांना पाणी मिळावं म्हणून शेजारी एक पाइप बसवावा लागेल. कायम उघडा."

"म्हणजे सरकारमान्य गळती," काका म्हणाले आणि त्यांना हसू आलं. ते फार टिकलं नाही.

काम लांबलंच. काका निवृत्त झाले तेव्हा जुना दरवाजा तसाच गळत होता. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यावर विनोदही केला. नवा दरवाजा बसला तेव्हा काकांना पाहुणा म्हणून बोलावणं आलं आणि मागच्या रांगेतली खुर्ची मिळाली. दरवाजा सकाळीच बंद केला होता, तेव्हापासून खाली थेंबही जात नव्हता. पाइपाचा व्हॉल्व्ह मुख्य पाहुण्यांच्या हस्ते उघडायचा होता आणि पाहुणे काही येत नव्हते. ऊन चढलं.

काका उठून पायऱ्या उतरले. दरवाजाच्या कडेवरून त्यांनी वरून खाली हात फिरवला. तळवा कोरडा राहिला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, आणि ते खरंच सुंदर होतं. डोळे भरून आले तरी ते हात फिरवत राहिले. मग खालची डबकी आठवली. त्यांनी व्हॉल्व्हच्या चाकाची रिबीन बाजूला केली आणि चाक फिरवलं.

वर खुर्च्यांमध्ये एकच गडबड उडाली. साहेब कठड्यावरून वाकून ओरडले, "काका! अहो, पाणी चाललंय की!"

"चालू द्या, साहेब," काका म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले.