मालक आहेत का

आईने वडिलांना कधी नावाने हाक मारली नाही. शेजारणींशी बोलतानाही ती ‘आमचे मालक’ म्हणायची. पिंपरी पेंढारच्या आमच्या घरात तो शब्द इतका रुळलेला, की कपाटातल्या विम्याच्या कागदांनाही आम्ही ‘मालकांची पॉलिसी’ म्हणत असू.

वडिलांचा जलदान विधी झाल्यावर ते कागद आणि मृत्यूचा दाखला घेऊन मी आईसोबत नारायणगावच्या विमा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद दोनदा उलटून पाहिले.

“यात क्लेम होत नाही, भाऊ. गेले ते पॉलिसीचे मालक. विमा त्यांच्या जिवावर नाही.”

“मग कुणाच्या?”

बाई आईकडे पाहून अडखळल्या. “यांच्या. नॉमिनी तुम्ही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

“म्हंजे मी मेल्यावर ह्याला. मग मधी मालक कशाला घातले?”

मग तिचं तिलाच आठवलं. ती अंगणवाडीत मदतनीस होती, हप्ते तिच्याच मानधनातून जायचे. एजंटाने ओट्यावर बसून विचारलं होतं, “मालक कोण लिहू?” आईने आत बोट दाखवलं होतं, “ते काय, जेवत्यात.”

“मला वाटलं, घरातलं इचारतोय,” ती कसंनुसं हसली.

बाईंनी समजावलं. नॉमिनी बदलणं, पॉलिसी मोडणं, सगळं मालकाच्या सहीने. आता वारसांच्या संमतीने ती आईच्याच नावावर करता येईल. नाहीतर हप्ते थकून बंद पडेल. मी सही केली. आईने पेन घेतलं नाही.

“त्यांच्या जागी मी न्हाई बसायची.”

फॉर्म तसाच घरी आला. पुढे हप्त्याच्या सूचना येत राहिल्या, वडिलांच्या नावाने. पोस्टमन पाकीट उंबऱ्यावर ठेवून जायचा. आई ते उचलून त्यांच्या रिकाम्या खाटेवर ठेवायची. खाटेवर तीन पाकिटं झाली. तिसरं मी वाचून दाखवलं: ‘आपण हप्ता न भरल्यास आपली पॉलिसी बंद पडेल.’

आईने खाटेवरची पाकिटं गोळा केली.

“गेलेल्या माणसाला लई तगादा झाला. आण तो फॉर्म.”

बदललेली पॉलिसी घेऊन आला तो पोस्टमन नवा होता. दारातून म्हणाला, “रजिस्टर आहे. मालक आहेत का?”

आम्ही दोघांनी खाटेकडे पाहिलं.

“हायेत,” आई म्हणाली, आणि पदराला हात पुसत सही करायला उठली.

मी अजून खाटेकडेच पाहत होतो.