आजाऱ्याचं नवं नाव
निलगिरीच्या वासाचं सॅनिटायझर हातावर घेतलं की परदेशातल्या वेरिबी गावच्या एज्ड केअरमधली, म्हणजे मी काम करत होते त्या वृद्धाश्रमातली, एक दुपार आठवते. माझी डबल शिफ्ट होती आणि एक ज्यू आजोबा अगदी मरणाच्या दारात होते. त्यांच्या मुलीने पलंगावरच्या पाटीवर त्यांच्या नावाआधी 'खाइम' असं लिहिलं. "हिब्रूत याचा अर्थ जीवन," ती म्हणाली. "आमच्यात आजाऱ्याला नवं नाव देतात, म्हणजे मृत्यूच्या दूताला तो सापडत नाही." चादर बदलता बदलता मी म्हटलं, "आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात." "तुला कोणापासून लपवलं मग?" तिने विचारलं. मी उशीचा अभ्रा बदलायला घेतला. आजोबा त्या नव्या नावानेच गेले. माझं नाव बदलून बरीच वर्षं झाली; थकव्याला मात्र मी रोज बरोबर सापडते.