निकालाआधीचा फ्लेक्स

सकाळी आठ वाजता वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी माहेरी, माणमधल्या आमच्या गावी, ओट्यावर बसून चहात बटर बुडवत होते. "व्हॉट्सअ‍ॅप बघा. आत्ताच्या आत्ता," त्या ओरडल्या. बघितलं. फोटोत आमच्या गावची वेस होती. वेशीवर हा भलामोठा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर माझा धाकटा भाऊ! डोळ्यांवर गॉगल, गळ्यात हार. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'वाघ पिंजऱ्यातून सुटला!'

वाघ अजून तुरुंगातच होता. त्याच्या अपिलाची सुनावणी त्याच दिवशी अकराला होती.

चार वर्षांपूर्वी त्यानं दोन मित्रांबरोबर सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळचा एक पेट्रोल पंप लुटला होता. एकाच्या हातात गावठी पिस्तूल होतं, दुसऱ्यानं गल्ला उचलला आणि आमचं रत्न रस्त्यावर मोटारसायकल चालू ठेवून उभं होतं. खालच्या कोर्टानं तिघांनाही एकाच मापानं मोजलं. जबरी चोरी आणि पिस्तूल मिळून सात-सात वर्षं. तो निर्दोष होता असं मी कधीच म्हटलं नाही. पण सात वर्षांचं कलम लागतं ते हत्यार वापरणाऱ्याला, आणि पिस्तूल त्याच्या हातात एकदाही आलं नव्हतं. अपील एवढंच होतं. त्याला पश्चात्ताप झालाय, भोगली तेवढी शिक्षा पुरे समजून सोडा, अशी विनंती. मी सांगलीत राहते, विश्रामबागला शिवणाचे क्लास घेते. हायकोर्ट कोल्हापूरला आलं तेव्हा मी क्लासमध्ये पेढे वाटले होते, कारण मुंबईच्या खेपा घालून मी मेटाकुटीला आले होते.

आणि आता हे! पश्चात्ताप झालेला माणूस गॉगल लावून वेशीवर. बरं, तो फोटोत बसलाय कशावर, तर त्याच मोटारसायकलवर!

"माझ्याकडे आलंय म्हणजे सरकारी वकिलांकडे पोचायला किती वेळ लागतो?" बाई म्हणाल्या. "न्यायमूर्तींपुढं हा फोटो ठेवला की संपलं सगळं. उतरवा तो."

मी पदर खोचला आणि पळाले. पायात चपला नव्हत्या हे मला वेशीवर गेल्यावर कळलं. खरं सांगायचं तर रागाच्या जोडीला मला चक्क हुरूप आला होता. चार वर्षं नुसती तारखा ऐकत बसले होते. आज पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात होतं.

वेशीजवळच्या थांब्यावर आमच्या चुलतभावांची आणि त्यांच्या दोस्तांची टोळी बॅगा घेऊन उभी होती. सगळे मुंबईला कामाला, जत्रेला आलेले आणि सकाळच्या एस.टी.नं परत निघालेले.

"ह्यो कुणाचा उद्योग?" मी विचारलं.

"आमचाच की, अक्का," थोरला चुलतभाऊ खुशीत म्हणाला. "आमी आज चाललो. वाघ आला तर स्वागत कोन करनार? म्हनून आदीच लावला."

"निकाल कुठं लागलाय अजून?"

"लागल्यात जमा हाय!"

"लागल्यात जमा? जज्ज तुझा मामा लागतो काय रं?"

एवढ्यात आबा आले. माझे वडील, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. खांद्यावर शिडी, हातात कोयता. त्यांनी शिडी लावली, एका दमात वर चढले आणि दोऱ्या सपासप कापल्या. वाघ धपकन धुळीत पडला. पोरांनी 'आवं आबा, आवं आबा' केलं, पण शिडी धरायलाही पुढं पोरंच आली. मी फ्लेक्सची गुंडाळी केली आणि शेळ्यांच्या छपरावर उलटी अंथरायला चुलतीकडे दिली.

"आता मोबाईल काढा. सगळ्यांनी. माझ्यासमोर स्टेटस पुसा."

"अक्का, लय लाइक आल्यात गं!"

"पूस म्हनते ना!"

तेवढ्यात गाडी आली. मी दारातच आडवी उभी राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतल्या बायका माना बाहेर काढून विचारतायत की झालं काय, आणि मी एकेकाचा मोबाईल तपासून मगच पायरीवर पाय ठेवू देतेय. शेवटचा चढला तेव्हा मी कंडक्टरकडे बघितलं. त्यानं गुपचूप खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि तोही स्टेटस पुसायला लागला. मला इतकं हसू फुटलं की मी खालीच बसले.

मग मात्र काही करायला उरलं नाही. अकरा वाजले, बारा वाजले. आई देवापुढून हलेना. मी फोन चार्जिंगला लावून त्याच्यासमोर उभी. आबा अंगणात येरझाऱ्या घालत होते, शिस्तीत, वळताना टाच फिरवून.

दुपारी बाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"फोटो पुढं आला नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या भावानं मला घाम फोडला. न्यायमूर्तींनी त्याला तुरुंगातून पडद्यावर घेतलं आणि विचारलं, काही सांगायचंय का. पश्चात्ताप होतोय, एवढंच बोल म्हणून मी पढवलं होतं. तर हा म्हणतो, पंपावरच्या काकांनी हात जोडले होते, ते मला रस्त्यावरनं दिसत होतं. तरी मी गाडी बंद केली न्हाई."

आबांची येरझार थांबली. ही गोष्ट त्यानं आम्हालाही कधी सांगितली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"पिस्तुलाच्या कलमातून सुटला. चोरीचा गुन्हा कायम, पण शिक्षा भोगली तेवढी पुरे. कागद तुरुंगात पोचले की सोडतील, उद्या नाहीतर परवा."

आई मोठ्यानं रडायला लागली. मी तिला मिठी मारली, मग चुलतीला मारली, मग पुन्हा आईला. सुटला, सुटला, एवढंच मी ओरडत होते आणि शेजारपाजारच्या बायका अंगणात जमायला लागल्या होत्या. सगळ्यांना एकदम सगळं सांगायचं होतं मला.

आबा माझ्याजवळ आले. चार वर्षांत त्यांनी तुरुंगाची पायरी चढली नव्हती. भेटीला आई जायची, मी जायचे. त्याचं नावसुद्धा ते घेत नसत. त्यांनी चालूच असलेला फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाशी धरला.

"वकीलबाई, तो हात जोडल्याचं खरंच बोलला का? आपनहून?"

"हो, आपणहून."

"मग त्याला आनायला मी येतो," आबा म्हणाले. "किती वाजता येऊ?"