सेनापतीच्या डगल्यातलं यान

ग्रंथालयातून फोन आला तेव्हा मास्तर स्टुलावर बसून एका इंजिनाला कागदी कॉलर चढवत होते. दोन बोटं खळीनं बरबटलेली, तिसऱ्यात अंगुस्तान, ओठांत दोन टाचण्या. अशा अवस्थेत माणूस फोन घेऊ शकत नाही, म्हणून तो त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी घेतला. "हं, हं, बरं, सांगते," असं चार वेळा म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि सावकाश विणकाम उचललं.

"कोण होतं?" मास्तरांनी टाचण्यांतून विचारलं.

"ग्रंथपाल. म्हणाले, तुझ्या एका यानाची आई सापडली."

टाचण्या खाली पडल्या. "कोणत्या यानाची?"

"मला काय विचारतोस? तुझी काय एकदोन आहेत? सेनापती का कोण, असं म्हणाले. रविवारी अकरा वाजता ग्रंथालयात येणार आहेत त्या बाई."

मास्तर असे उठले की स्टूल उलटं झालं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. खोली लहान, त्यामुळे तीन फेऱ्या म्हणजे बारा पावलं. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, मी मेलो."

"रविवारपर्यंत थांब," अक्का म्हणाल्या.

ते का मेले हे कळायचं तर थोडं मागे जायला हवं. मास्तरांनी चाळीस वर्षं एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. राजे, वकील, भुतं, नवऱ्या मुली, सगळ्यांना त्यांनी मापात बसवलं. पन्नाशीच्या नायकाची ढेरी डगल्यात अशी मुरवायचे की पहिल्या रांगेतल्या बाईनंही त्याला पंचविशीचा समजावं. भर अंकात राणीची बाही फाटली, तर तिच्या दोन वाक्यांमधल्या टाळ्यांत टाका घालून तिला विंगेतून परत सोडणारा हा माणूस. टाळ्या राणीला मिळत. टाका कुणाला दिसत नसे, आणि तो दिसला नाही यातच मास्तरांना अख्खं नाट्यगृह मिळाल्यासारखं होई.

कापडाला कात्री लावण्याआधी ते प्रत्येक पोशाखाचा कागदी खाका कापत. एका वर्षी मॅनेजरनं रद्दीच्या दुकानातून कागदाच्या थोरल्या गुंडाळ्या आणल्या. कागद काय होता! जाड, गुळगुळीत, दहादा घडी घातली तरी न चिरणारा. एका अंगाला निळ्या रेघा, वर्तुळं, आकडे. दुसरं अंग कोरं. मास्तरांना कोरं अंग हवं होतं. शुक्रवारच्या आत अकरा शिपाई नटवायचे असताना कागदाच्या पाठीमागे काय काढलंय हे कोण बघत बसतो? त्यांनी खडूनं छात्या, पाठी, बाह्या आखल्या आणि कात्री चालवली. वर्षानुवर्षं चालवली.

पुढे कंपनी बंद पडली. ज्यानं त्यानं आठवण म्हणून काहीबाही नेलं. सिंहासन एका केशकर्तनालयात गेलं, अजूनही त्यावर बसून लोक दाढी करून घेतात. मास्तरांनी खाके आणले. दोऱ्यात ओवलेले, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: "जाडा राजा, पुढा." "दुसरा शिपाई, पाठ." "सेनापती, छाती चव्वेचाळीस."

एका दुपारी झाडलोट करताना खिळ्यावरून एक जुडगा पडला आणि दुसऱ्या शिपायाची पाठ जमिनीवर उलटी झाली. मास्तर उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. पाठीवर एक तीन पायांचं उंच काहीतरी उभं होतं. त्याला गोल खिडकी होती. खिडकीत आकाराचा अंदाज यावा म्हणून काढलेला एक बोटभर माणूस होता. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, "चंद्रावर उतरण्याचं यान. आराखडा सातवा." आणि त्यावर आडवा शिक्का: नामंजूर.

त्यांनी सगळे खाके उलटे केले. जमिनीवर रेघेला रेघ जुळवत, टाचण्या मारत बसले. अकरा दिवस अक्का स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून जात होत्या. बाराव्या दिवशी जमिनीवर नऊ अंतराळयानं होती, त्यांतलं एकही कधी उडालेलं नाही. उडणं राहूच द्या, बांधलंच गेलेलं नाही. नऊच्या नऊ नामंजूर!

"अक्का," मास्तरांचा आवाज चिरकला, "पोशाख शिवून तयार, आणि नाटकच रद्द! नऊ नाटकं!"

हे दुःख त्यांच्या ओळखीचं होतं. आणि सपाट कागदातून गोलाई कशी आणायची हेही. जी युक्ती छातीला, तीच इंधनाच्या टाकीला. निमुळतं टोक हवं, चिमटीत दुमडून टक घ्या. फुगवटा हवा, पाकळ्यांसारख्या कळ्या जोडा. दुसऱ्या दिवशी ते चपलांच्या दुकानातून पुठ्ठ्याचे खोके मागून आणताना दिसले, आणि अक्कांच्या पातेल्यात खळ शिजू लागली. अक्कांनी पहिले सहा महिने पातेल्यावरून भांडण केलं. मग पातेलंच देऊन टाकलं.

ज्या पोशाखाच्या खाक्यातून यान निघालं, त्याचं नाव यानाला मिळे. जाडा राजा, विधवा राणी, दुसरा शिपाई. नियम एकच: रेघेत असेल तेवढंच करायचं, मनाचं एक तूस घालायचं नाही. आठ यानं अशी पुरी झाली. जुळवताना फटी राहिल्या होत्या, पण त्या बोटभर, रेघ इकडून तिकडे सहज ओढता येई.

नववं सेनापती. सगळ्यांत देखणं, दोन हात लांब. पुढे माणसांची गोल केबिन, मागे टाक्या नि इंजिनं. पण डगल्याचा उजवा मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक, मास्तरांनी नेमका यानाच्या कमरेत कापला होता. केबिन आणि टाक्या यांच्यामध्ये काय होतं, ते कात्रणांबरोबर केव्हाच केरात गेलं होतं. त्याच यानाचं वरून दिसणारं चित्र राणीच्या बाहीच्या खाक्यावर होतं, ते कसर लागून चाळणी झालेलं. ज्या जागेवर सगळं यान तोललेलं, तीच जागा त्यांनी स्वतःच्या हातानं कापून फेकली होती!

ग्रंथपालांनी यानं वाचनालयाच्या कपाटात मांडली तेव्हा सेनापती मात्र मास्तरांनी दिला नाही, नुसता त्याच्या खाक्याचा फोटो दिला. तो फोटो स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला. आणि तो बघून एका बाईंनी ग्रंथालयाला फोन केला, की कोपऱ्यातली सहीची दोन अक्षरं माझी आहेत. हे रेखाटन मी केलंय.

"अरे, मग आनंदाची गोष्ट आहे," अक्का म्हणाल्या. "विचार की तिला, भोकात काय होतं ते."

"आणि तिनं विचारलं, भोक कुणी पाडलं?"

अक्कांनी दोन टाके विणले. "झाकून टाक. कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल."

रविवारला चार दिवस होते. मास्तरांनी जेवण ताटातच सोडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनी एक बारीक कंबर केली. यान नर्तिकेसारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी एक जाड नळी केली. तिसऱ्या दिवशी जाळीदार सांगाडा आणि त्याच संध्याकाळी एक घडीची बाही, ताणली की लांब होणारी. चारही नमुने बुटांच्या खोक्यात गेले. एकही खोटा वाटत नव्हता, आणि खरा कोणता ते सांगायला प्रॉम्प्टर नव्हता.

शेवटी त्यांनी ठरवलं, भोक आहे ते आहे. केबिनच्या टोकातून टाक्यांपर्यंत त्यांनी एक लांब सुई आरपार खुपसली आणि सेनापती उभा केला. मध्ये वीतभर मोकळी जागा.

"माझी विणायची दहा नंबरची सुई कुठे गेली?" रविवारी सकाळी अक्का उशा उलट्यापालट्या करत होत्या.

"सापडेल, सापडेल," म्हणत मास्तर खोकं उचलून जिन्यावरून उतरलेसुद्धा. अंगात इस्त्रीचा कोट. कंपनीच्या शंभराव्या प्रयोगाला घातला होता, त्यानंतर आजच. खोक्यात सेनापती आणि नमुन्यांचं बुटांचं खोकं, काखेत खाक्यांचा जुडगा. अक्का मागून दुसरं खोकं घेऊन, "हळू रे! पडशील! म्हातारा झालास, घोडा नाही झालास!"

वाचनालयाच्या लांब टेबलावर ग्रंथपालांनी पांढरी चादर अंथरली होती. अकराला पाच मिनिटं कमी असताना मास्तरांना वाटलं, आता तिसरी घंटा होणार आणि आपल्याला एकही वाक्य आठवत नाहीये.

बाई आल्या. पंच्याऐंशीच्या असतील. हातात काठी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी मास्तरांकडे बघितलं नाही, अक्कांकडे नाही, ग्रंथपालांच्या "या, या" कडेही नाही. त्या सरळ टेबलापाशी गेल्या, सेनापतीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि पुढच्या टोकापाशी थांबल्या.

"मापासाठी काढलेला माणूस कुठेय?"

"आत," मास्तर म्हणाले. "डाव्या खिडकीतून दिसतो. पांढरे बूट घातलेत."

बाईंनी भिंग लावलं. कितीतरी वेळ त्या वाकून बघत होत्या. "बूट मी काढले नव्हते."

मास्तरांना आपलाच नियम आठवला. मनाचं एक तूस! "अनवाणी बरा दिसेना हो," ते पुटपुटले.

बाई खुदकन हसल्या. मग त्यांचं लक्ष सुईकडे गेलं. "आणि हे काय?"

झालं. मास्तरांनी जुडगा सोडला, डगल्याचा पुढा चादरीवर पसरला, आधी निळ्या रेघांचं अंग, मग उलटून कोरं. "सेनापती, छाती चव्वेचाळीस," त्यांनी स्वतःच वाचलं, आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं. "बाई, मी कपडेपटातला. मला हे चित्र आहे हेच ठाऊक नव्हतं. मी उलट्या बाजूनं कापत गेलो. तुमच्या यानाची कंबर मी मुंढ्यात कापली. चुकलं माझं. सगळं जपलं, आणि नेमकं तेवढंच फेकलं."

बाईंनी मुंढ्याच्या भोकातून चार बोटं घातली आणि हलवून बघितली. ग्रंथपाल श्वास रोखून उभे. अक्कांनी भावाच्या कोटाची बाही मागून घट्ट धरलेली.

"कसा होता हो तुमचा सेनापती?"

"अं? आवाज दणदणीत. पाय काटकुळे. मोजे दोन-दोन घालायला लागायचे."

"अस्सं." बाई खुर्चीवर टेकल्या. "मास्तर, तुम्ही काही फेकलेलं नाही. इथे काही नव्हतंच."

"म्हणजे?"

"कोरं होतं! केबिनवाले म्हणायचे, मधला भाग फिरता हवा. टाकीवाले म्हणायचे, सरळ नळी हवी. चार महिने बैठका. शेवटी साहेब मला म्हणाले, तेवढी जागा सोडा, नंतर ठरवू. मी तळहाताएवढी जागा सोडली, दोन बाजूंना तुटक रेघ मारली. आणि एका मंगळवारी पत्र आलं, काम थांबवा. ते 'नंतर' काही आलंच नाही."

मास्तर मटकन बाकावर बसले. इतकी वर्षं ज्या तुकड्यासाठी ते झुरत होते, तो तुकडा जन्मालाच आला नव्हता! त्यांना हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून. अक्का म्हणाल्या, "बघा, आणि ह्यानं चार दिवस नीट जेवण नाही केलं," तेव्हा बाईही हसायला लागल्या, आणि 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभे असलेले ग्रंथपालही.

मग मास्तर ताडकन उठले. बुटांचं खोकं ओढून त्यांनी चारही कमरा चादरीवर ओळीनं मांडल्या. "बोला! यातली कोणती?"

बाईंनी एकेक उचलली. "ही टाकीवाल्यांची. नको. ही केबिनवाल्यांची. ही छान आहे, पण ही साहेबांना आवडली असती, म्हणून नको." घडीची बाही त्यांनी दोनदा ताणून बघितली, तिसऱ्यांदाही ताणली, आणि खाली ठेवली. "गंमत आहे. पण नाही."

"मग तुम्ही त्या बैठकीत काय म्हणाला होतात?"

"मी?" बाईंनी भिंग पुसलं. "मी रेघा मारायची. मला कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारतो ना," मास्तर म्हणाले. "इथे काय हवं?"

बाईंनी हात पुढे केला. मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला, पेन्सिल नव्हती, शिंप्याचा निळा खडू होता. तो त्यांनी दिला. ग्रंथपालांनी आजच्या बैठकीची सूचना फळ्यावरून ओढून काढली आणि तिची कोरी बाजू वर करून ठेवली.

पंच्याऐंशी वर्षांचा हात सराईतपणे चालला. दोन वर्तुळं, मध्ये फुगवटा, फुगवट्याला चहूबाजूंनी खिडक्या.

"बसायची खोली," बाई म्हणाल्या. गाल तापले होते त्यांचे. "आठ महिन्यांचा प्रवास. त्या माणसांनी कामाशिवाय कधी नुसतं बसून बाहेर बघायचं की नाही? मी रोज हेच म्हणत होते, मनात. वजन वाढलं असतं, ओरडले असते सगळे."

"कागदाला कसलं वजन! बारा खिडक्या म्हणजे बारा कळ्या," मास्तरांनी कोट काढून खुर्चीवर फेकला. "वर टक, खाली टक. माया किती सोडू?"

"म्हणजे काय?"

"जोडायला कडेनं जादा कागद."

"पाव बोट. आणि मास्तर, आत एक बाक हवं."

"बाक! अक्का, खळ!"

"आणलीये," अक्का म्हणाल्या. दुसऱ्या खोक्यात पातेलंच होतं.

दुपारी तीनपर्यंत वाचनालयाच्या त्या टेबलावर कुणालाही वर्तमानपत्र मिळालं नाही. बाई आखत होत्या, मास्तर कापत होते, ग्रंथपाल फुंकर मारून खळ वाळवत होते. बाकावर बाईंनी एक माणूस बसवला, बूट घातलेला. कंबर जागेवर बसली, कडा जुळल्या, आणि सगळे हात मागे घेऊन उभे राहिले.

"आता माझी सुई," अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी केबिनच्या टोकातून सुई चिमटीत धरली आणि सावकाश, अगदी सावकाश बाहेर ओढली. सेनापती किंचित हलला. मग आपल्या पायांवर उभा राहिला.