तो स्टँड मी केला होता, वामनभाऊ!

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला स्प्रिंकलरचे पाइप दाखवत होतो. फोन ठेवला, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि मोटरसायकल काढून निघालो. दुसरबीड गाव मागं पडलं नाही तोच शेजारच्या हॉटेलवाल्याचा फोन... "शेठ, तुमच्या दुकानात कोनी तरी आतून शटर वाजवून राह्यलं!" गिऱ्हाईक मागच्या खोलीत पाइप पाहत होतं, मी त्याला कोंडून आलो होतो. परत फिरलो, त्याला सोडवलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. धरणाकाठच्या त्यांच्या गावी पोचेपर्यंत चिता पेटलेली होती. परतणारे लोक माझ्याकडं बघत म्हणाले, "पाइपशेठ, उशीर केला तुमी." जाता जाताही ह्या माणसानं मला चारचौघांत कमीपणा आणला!

वामनभाऊ माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, सुमनबाईंचे, यजमान. 'पाइपशेठ' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. त्यांना जाऊन महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं. माझा राग अजून जिवंत आहे, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस मधेच उठून गेला.

भांडणाचं मूळ एक नाव, पाण्यातली. वामनभाऊंची शेती धरणाच्या अगदी काठाला. पत्र्याची छोटी नाव त्यांनी वेल्डरकडून करून घेतली होती. पोरानं पुण्याहून मासे धरायचे दोन रॉड आणले, चांगले चरखीवाले. पण नावेत ते ठेवायचे कुठं? तळाशी टाकले की पायाखाली यायचे, गळ धोतरात अडकायचा. एक दिवस भाऊ दुकानात आले. "शेठ, एवढे पाइप इकतो तू. त्या रॉडायले बसवाले काही तरी करून दे न बे." मी फुशारलो. पाइपाचे तुकडे कापले, फळीवर ओळीनं उभे ठोकले, बुडाला टोप्या चिकटवल्या. दिसायला असा झोकदार की मीच दोनदा लांबून पाहिला.

आमच्या धरणात बुडालेल्या बाभळींचे वठलेले शेंडे अजून पाण्याबाहेर आहेत. नाव त्यांच्यातून निघाली. रॉड झेंड्यासारखे उभे. नाव पुढं गेली, रॉडांचे शेंडे फांदीत अडकून मागं राहिले. एक मोडला. दुसरा मोठ्या डौलानं पाण्यात गेला. मी भाऊंकडं बघितलं नाही. भाऊ काही बोललेही नाहीत. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस!

कशाचं मोठं मन... पुढच्याच लग्नात, भर पंगतीत, सुरू झाले. "आमच्या शेठनं मासे धराचा नाई, बाभळी धराचा स्टँड बनवला!" मग दर लग्नात, दर बारशाला. गोष्ट वाढत गेली. दोनाचे चार रॉड झाले, मग मी स्वतः पाण्यात पडलो, मग मला जाळं टाकून काढलं. मला डेंग्यू झाला तेव्हा हा माणूस रोज दवाखान्यात यायचा, डबा आणायचा, रात्र रात्र उशाशी बसायचा, आणि नव्या नर्सला पहिली गोष्ट हीच सांगायचा. मला सलाईन लावलेली, उठून मारताही येईना. शेवटी ती गोष्ट दुकानापर्यंत पोचली. ठिबकचा पाइप घेणारा शेतकरी विचारू लागला, "शेठ, हा उभा टाकू का आडवा?" पाइपवाल्यानं हे कुठवर ऐकायचं? मी ठरवलं, ह्या माणसाच्या तोंडून भर पंगतीत 'शेठ, जमलं तुले' एवढं वदवीन तेव्हाच थांबीन.

दुसरा स्टँड मी चिडून केला, म्हणूनच चांगला झाला असावा. ह्यावेळी रॉड आडवे, नावेच्या कडेला आतून. शेंड्याच्या बाजूला लांब पाइप, म्हणजे नाजूक टोक पूर्ण झाकलं जातं. मुठीच्या बाजूला अर्धा चिरलेला पाइप, चरखीला खाच, आत जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी. पाइपात वाळू भरून तोंड शेगडीवर गरम केलं आणि नरसाळ्यासारखं उघडलं. खाली भोकं पाडली, पाणी साचू नये. एका रविवारी नावेत बसवून दिला. भाऊंनी रॉड घातले, काढले. नाव गदागदा हलवली. मुद्दाम बाभळींतून नेली. खोट सापडेना. मी कान टवकारून बसलेलो. नाव काठाला लावता लावता भाऊ म्हणाले, "रंग बरा हाय."

तेही सोसलं असतं. पण पुढच्या लग्नात माझ्या हातात जिलबीचा तुकडा असताना पलीकडून आवाज आला, "मंग मीच बसलो अन् बनवला. शेठकडून पाइप तेवढा आनला." तो तुकडा मी तसाच पत्रावळीवर ठेवला. ह्या उन्हाळ्यात त्यांच्या पोराचं लग्न होतं. मी बेत केला होता, नाव ट्रॉलीवर चढवून मांडवात न्यायची, सगळ्यांदेखत त्यांच्या हातात रॉड द्यायचा आणि विचारायचं, "भाऊ, ट्यूबची पट्टी कशी चिकटवली ते सांगा बरं!" त्याआधीच, सकाळचा चहा पिता पिता, भाऊ गेले. पळून गेले म्हणा.

तेरवीला अंगणात विटांवर तीच नाव. कोणी पाहुणा स्टँडवरून हात फिरवत म्हणाला, "काय कारागीर मानूस होता! कुठी हालत नाई पाह्य." माझ्यानं राहवलं नाही. "हा मी बनवला."

मग तो पाहुणा म्हणाला, "तुमी? तुमी तं बाभळीवाले न?"

तेरवीच्या घरात लोक हसले. सुमनबाई ओसरीवरून पदर तोंडाला लावून बघत होत्या. त्याही हसल्या. "भाऊजी, इतक्या दिवसांत आज हसू आलं बापा," म्हणाल्या. पट्टीची गोष्ट माझ्या जिभेवर होती. गिळली. त्या हसत होत्या, दुसरं काय करणार!

पण छापायला मला कोण अडवतो? म्हणून इथं लिहून ठेवतो : वाळू मी भरली, भोकं मी पाडली, पट्टी मी चिकटवली. वामनभाऊ, आता द्या उत्तर. द्या न बे...

हा लेख बायकोला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून तिनं विचारलं, "वरती फोटो कोनाचा येईन?"

"भाऊंचाच. नावेत बसलेला, स्टँडवर हात ठेवून. दुसरा चांगला नाही मिळाला."

"मंग झालं," ती म्हणाली. "एवढं लांबलचक कोन वाचते? लोकं फोटो पाह्यतीन अन् म्हनतीन, स्टँड किती सुबक बनवला होता बिचाऱ्यानं!"